डाव्या चाकाची स्प्रिंग

माझ्या मामेभावानं माझं कधी काही वाईट केल्याचं मला आठवत नाही. तरी गेली चाळीसेक वर्षं मी त्याच्यावर जळतो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सभ्यपणाचा आव आणायला नको.

तो माहीमचा. मुंबईतलं माहीम नव्हे, आमच्या केळव्याशेजारचं. माझी आई तिथली, समुद्रावरच्या घरातली. लग्न होऊन ती पाम गावी आली, कारण वडील तारापूरच्या एमआयडीसीत कामाला होते. मामा मोठ्या जहाजावर खलाशी होता आणि वर्षातून एकदा घरी यायचा. त्याची पेटी उघडायची तेव्हा आम्ही दोघं दोन बाजूंना बसलेलो असायचो, मी आणि त्याचा मुलगा. आम्ही एकाच वयाचे, तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा.

आठवीच्या दिवाळीत त्या पेटीतून एक खोकं निघालं. खोक्यावर एका बग्गीचं चित्र होतं. रिमोटवर चालणारी, मागची चाकं जाडजूड, पुढची बारीक, वाळूतून उडी मारताना काढलेली. मामानं ते खोकं मामेभावाच्या मांडीवर ठेवलं आणि मला चार रंगांचं पेन दिलं. एक खटका दाबला की निळं, दुसरा दाबला की लाल. पेन चांगलं होतं. मी ते त्याच आठवड्यात हरवलं, आणि चुकून हरवलं असं मला म्हणता येणार नाही.

बापानं आपल्या पोराला दिलं, भाच्याला थोडं कमी दिलं, यात जगावेगळं काय? काही नाही. पण मला ते तेव्हा कळत नव्हतं आणि आता कळतं तरी पटत नाही.

खोक्यात तयार गाडी नव्हतीच. सुटे भाग होते, पिशव्या-पिशव्यांतून, आणि जपानी भाषेतलं चित्रांचं एक पुस्तक. ‘पयलं सामान मोजून घे,’ मामा त्याला म्हणाला. मामेभाऊ हो म्हणाला आणि किनाऱ्यावर पळाला. मोजणारा तो नव्हे, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खोकं माझ्यापुढे सरकवलं. ‘तू जोड. मला नाय जमत.’

मी चार दिवस पडवीत बसून ती गाडी जोडली. जागेवरून उठायचो ते फक्त सकाळी. होड्या लागायच्या वेळी सगळे किनाऱ्यावर जायचे, मीही जायचो, दोर ओढायला हात लावायचो. मग मामी वाळूवर मासळीचे वाटे घालायची. ज्याचा ज्याचा हात लागला त्याचा त्याचा एक वाटा. त्या घरात कोणी नाव घेऊन हाक मारत नसे. आपला वाटा आपण उचलायचा आणि चालू लागायचं. शेवटच्या ओंजळभर बोंबलांचा ढीग माझा असायचा. मी तो उचलायला लाजायचो, तर मामी डोळ्यांनी खुणवायची.

तिसऱ्या दिवशी गाडीचं सस्पेन्शन आलं. पुढच्या दोन चाकांना दोन स्प्रिंगा होत्या, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या, पिवळट चकाकीच्या. एकेक दांड्यावर स्प्रिंग चढवायची, खाली वायसर, वर टोपी. उजवी मी बसवली. डावी हातात घेतली, चिमटीत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. इतकी सुरेख वस्तू मी तोवर हातात धरली नव्हती. गाडी तर त्याची होणारच होती. जोडली मी, चालवणार तो, आणि आळीतली पोरं मागे धावणार त्याच्या. मी ती स्प्रिंग चड्डीच्या खिशात टाकली आणि डाव्या दांड्यावर नुसते दोन वायसर घालून टोपी लावून टाकली.

गाडी चालली. पण डाव्या बाजूला बोटभर बसलेली, लंगडत चालावं तशी. मामानं ती अंगणात पाहिली आणि खाली वाकून डाव्या चाकाला हात लावला. ‘दोन दिवस नाय झाले आणि मोडलीस?’ म्हणाला आणि मामेभावाच्या थोबाडीत दिली. बोटं उठली. मामेभावानं गालावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घातलेला होता आणि बोटांत ती स्प्रिंग होती. तो गाडी उचलून किनाऱ्याकडे निघून गेला.

ती स्प्रिंग खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत ठेवली. शाळा झाली, आयटीआय झालं, मी बोईसरला एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर झालो, लग्न झालं, घर बदललं. डबी बरोबर राहिली. वर्षाला एकदा स्प्रिंगला मशीनचं तेल लावायचो, आणि एरवीही डबी हाताशी आली की ती चिमटीत दाबत बसायचो. स्प्रिंग तशीच पिवळी राहिली. बायकोनं एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, जुनं सामान आहे.

मामेभाऊ वडिलांसारखा जहाजावर गेला नाही. स्वतःची होडी केली, किनाऱ्यावरच राहिला, पोट सुटलं, केस गेले, आणि सगळ्यांचा लाडका झाला. त्याचं हे मला कधी कळलेलं नाही. लग्नात पंगत उठवायला तोच लागतो, मयताला तोच लागतो. माझी आई ऐंशीच्या घरात आहे, तिलासुद्धा माझ्यापेक्षा त्याचा फोन आला की बरं वाटतं. मी काही बोललो तर म्हणते, ‘भावाचं बगून पोटात दुकतं व्हय रे तुज्या?’ हसत म्हणते, पण बरोबर जागी लागतं.

चार-पाच वर्षांपूर्वी केळव्याच्या किनाऱ्यावर रविवारी ओहोटीच्या वेळी रिमोटच्या गाड्या चालवणारे काही लोक जमू लागले. बहुतेक पन्नाशीचे. मी इंटरनेटवर शोधून पुण्याच्या एका माणसाकडून अगदी तीच, तशीच जुनी बग्गी विकत घेतली. एकेक भाग मूळचा, एक ओरखडा नाही. हौसेनं घेऊन गेलो. बघतो तर मामेभाऊ आधीच तिथे, त्याच्या हातात तीच ती माझ्या हातांनी जोडलेली गाडी. रंग उडालेला, मागचा पंख तारेनं बांधलेला.

ओहोटीची वाळू टणक असते, पण लाटांनी तिच्यावर वळ्या पाडलेल्या असतात. माझी गाडी त्या वळ्यांवर टणाटणा उडायची आणि तिसऱ्या-चौथ्या उडीला उलटी पडायची. त्याची सुसाट जायची. नाक जरा हलायचं आणि लगेच स्थिर व्हायचं. लोक ‘वा वा’ करायचे. मी माझी उलटी गाडी सरळ करायला चालत जायचो.

एकदा त्याची गाडी उचलून खालून पाहिली. डाव्या दांड्यावर, मी जिथे नुसते वायसर टाकले होते तिथे, त्यानं जाळ्याच्या बोयाचा तुकडा बसवला होता. बोया म्हणजे जाळं तरंगतं ठेवायला वरच्या दोरीला बांधतात तो. हा मऊ फोमचा, दाबला तर हळू दबणारा. सुरीनं गोल कापून, मधे भोक पाडून, वरून जाळं विणायचा नायलॉनचा दोरा घट्ट गुंडाळलेला. मी फिटर आहे, मला बघताक्षणी कळलं. नुसती स्प्रिंग उसळत राहते, ती उसळी कुणीतरी गिळावी लागते. उजवीकडे स्प्रिंग उसळायची, डावीकडे बोया ती उसळी गिळायचा, आणि नाक जागेवर राहायचं. पुस्तकात नसलेली गोष्ट त्यानं नुसतं दाबून, सोडून, बघून केली होती.

‘हे कधी केलंस?’ मी विचारलं.

‘लय वर्सं झाली,’ तो म्हणाला. ‘लंगडी होती ना ती.’

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. मी चोरी केली होती ती त्याची गाडी कायमची लंगडी राहावी म्हणून, आणि त्या चोरीतूनच त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा चांगली झाली होती.

मागच्या पावसाळ्यानंतर तो बोईसरला माझ्या घरी आला. सुक्या मासळीचा वास येणाऱ्या पिशवीतून त्यानं बग्गी काढून टेबलावर ठेवली. उजवी स्प्रिंग खाऱ्या हवेनं गंजून मधोमध तुटली होती. ‘उजवी बाजू बसली बग,’ तो म्हणाला. ‘तू फिटर हायस, तूच कर काय ते. बोया तेवडा काडू नको.’ चहा प्यायला आणि गेला.

गाडी चाळीस वर्षांनी माझ्या ताब्यात आली होती, आणि तिला जी वस्तू हवी होती ती आतल्या खोलीत कपाटातल्या डबीत होती. हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. म्हणूनच मी पुढचे दोन आठवडे बाकी सगळं करून पाहिलं. ती स्प्रिंग बसवायची म्हणजे त्याला सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे मामाची ती थप्पड पुन्हा काढायची. मामा तर आता नाही. हा एकच भाऊ मला, आणि त्याच्यासमोर चोर म्हणून उभं राहायचं माझ्यात धाडस नव्हतं.

पेनातली स्प्रिंग लावली, नाक जमिनीला टेकलं. कारखान्याच्या भंगारातून एका व्हॉल्व्हची स्प्रिंग आणली. आमचा बिहारी हेल्पर म्हणाला, ‘साहब, ये तो हाथी उठा लेगी,’ आणि खरंच चाक दबेचना. मग माझ्या गाडीसाठी मागवलेले तेल भरलेले नवे शॉक ॲब्सॉर्बर होते, त्यातला एक लावून बघायचा ठरवला. ॲल्युमिनियमच्या पट्टीचं ब्रॅकेट कापलं, भोकं पाडली, कानस मारली, शॉक बसवला. दिसायला फार देखणं काम झालं होतं. गॅलरीत फळीवर आडव्या पट्ट्या ठोकून त्यांवरून चालवली तर गाडी सरळ डावीकडे वळून भिंतीला धडकली. तेल वाढवलं, कमी केलं, शॉकचा कोन बदलला. शेवटी माझ्या गाडीची स्प्रिंग काढून लावली. कधी न दबलेली ती ताठ होती, त्याच्या बोयाशी तिचंही जमेना. त्यानं तो बोया इतकी वर्षं कापत, गुंडाळत ज्या स्प्रिंगच्या जोडीला आणला होता, ती नरम, वापरात मुरलेली होती. मी हात टेकले.

डबीतली स्प्रिंग मी इतक्या वेळा चिमटीत दाबली होती की तीही तशीच मुरली होती. ती बसवली, टोपी लावली, तळव्यानं नाक दाबून सोडलं. दोन्ही बाजू एकदम खाली गेल्या आणि एकदम वर आल्या. गॅलरीत गाडी पट्ट्यांवरून सरळ गेली. मला आनंद झाला असं लिहायला हवं. खरं म्हणजे आता त्याला सांगावं लागणार, एवढंच डोक्यात आलं.

रविवारी तो गाडी न्यायला आला. त्यानंही आधी नाक दाबलं. मग गाडी उलटी केली आणि उजव्या दांड्याकडे बघत राहिला.

‘ही नवी नाय,’ तो म्हणाला. ‘ही आपलीच हाय.’

मी म्हटलं, ‘डाव्या चाकाची आहे. मी तेव्हा घेतली होती.’ एवढंच बोलता आलं.

‘ठाव हाय मला.’

‘कधीपासून?’

‘तवापासून. बानं मोजायला सांगितलेलं ना. मी किनाऱ्यावरनं येऊन मोजलेलं सगळं. स्प्रिंगा दोन होत्या.’

‘मग मामानं मारलं तेव्हा बोलला का नाहीस?’

तो खुर्चीत मागे टेकला. ‘काय बोलणार? चार दिवस तू खपलास, हात तुजा लागला. तुजा वाटा तू उचललास, असं वाटलं मला. आमच्याकडं वाट्यावरनं कोन भांडतं?’

बायको स्वयंपाकघरात होती म्हणून बरं झालं, माझा चेहरा तिनं पाहिला नाही. चाळीस वर्षं मी समजत होतो की मी त्याचं काहीतरी हिसकावून घेतलं आहे. त्या एका गोष्टीत तरी मी त्याच्या वरचढ होतो. आणि ह्यानं ती स्प्रिंग मला तेव्हाच देऊन टाकली होती, वर माझ्यासाठी थप्पडही खाल्ली होती. असं मन देवानं आपल्याला का दिलं नाही, म्हणून मी त्याच्यावर इतका जळलो की तसा त्या खोक्यावरूनही जळलो नव्हतो.

निघताना त्यानं टेबलावरची गंजकी, तुटकी स्प्रिंग उचलून माझ्या हातात ठेवली. ‘ही तुला. वाटा परत केलास, मंग हात रिकामा कशाला?’

दुपारी केळव्याला त्याची गाडी पुन्हा सगळ्यांच्या पुढे होती आणि माझी पुन्हा उलटी पडली. घरी येऊन मी ती तुटकी स्प्रिंग डबीत ठेवली, थोडं तेलही लावलं. ती त्यानं स्वतःच्या हातानं, सगळं ठाऊक असताना, मला दिलेली आहे. ती दाबता येत नाही, बोटाला गंज लागतो. मधूनमधून डबी उघडून मी तिच्याकडे बघतो, आणि मला चोरलेलीच जास्त आवडायची.