पत्र्याच्या डब्यातली भाजी
पत्र्याचा डबा कापताना सुटणारा लोखंडी, तेलकट वास आला की मला एकाहत्तरच्या थंडीतली तासगावजवळच्या आमच्या घरातली सकाळ आठवते. माझ्या धाकट्या दिरांना रजा तोडून सीमेवर बोलावलं होतं. निघण्याआधी त्यांनी मोठ्या हौसेनं फौजेतला तयार भाजीचा डबा आईसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, कापला. सासूबाईंनी ती भाजी बोटावर घेऊन चाखली आणि त्यांचा चेहराच उतरला. "ह्येच खातोस व्हय रं तिकडं?" "बर्फात चूल कुठली, आई? तवा ह्येच लय भारी लागतंय." सासूबाईंनी काठवट ओढली आणि भाकरी थापायला घेतली. "आगं बास कर, गाडी चुकंल!" "चुकू दे. कडक केल्या की टिकत्यात." पीठ संपलं, तशी त्यांनी मला पीठ आणायला शेजारी पिटाळलं. मी परतले तेव्हा दीर एसटीत चढले होते आणि सासूबाई पदरात भाकऱ्या घेऊन गाडीमागे धावत होत्या. गाडी थांबली नाही. दीर सुखरूप परत येईपर्यंत त्यांनी गरम घास तोंडात घातला नाही. आता तुम्ही नातवंडं फोनवर हसत सांगता, "आजी, दुकानातलं तयार जेवण आणलं, अगदीच बेचव निघालं," तेव्हा मीही हसते आणि त्या रात्री मला जेवण जात नाही.