भावी डॉक्टर

अकरावीत माझ्या वाढदिवसाला मंडळाच्या पोरांनी गल्लीच्या कोपऱ्यावर माझा फ्लेक्स लावला. आमच्या मंगळवार पेठेत फ्लेक्सशिवाय कुणाचा वाढदिवस होतच नाही, म्हशीचासुद्धा नाही. वर माझा फोटो, खाली 'भावी डॉक्टर' आणि त्याखाली यच्चयावत शुभेच्छुक हात जोडून उभे. वाढदिवस सरला तरी पप्पांनी तो उतरू दिला नाही. परीक्षा होईपर्यंत राहू दे म्हणाले. ते कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. रोज कामाला जाताना गाडी थांबवून एकदा बघून घ्यायचे.

मी तिथून मान खाली घालून जायचे. किराणावाला 'काय डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारायचा. कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका तर गुडघा पुढं करून कुठं दुखतंय ते दाखवायचे. अहो, माझी बारावी अजून व्हायची होती!

बारावीत माझ्या डोक्यानं संपच पुकारला. एकच पान चार वेळा वाचायचं आणि पाचव्यांदा ते नवंकोरं वाटायचं. क्लासच्या चाचणीत पेपर हातात आला की छाती धडधडायची आणि काल घडाघडा म्हटलेलं सगळं पार पुसलं जायचं. घरी आले की आईवर खेकसायचे. एकदा भाजीत मीठ कमी म्हणून भरलं ताट ढकललं आणि मग बाथरूमची कडी लावून रडले. मीच मठ्ठ आहे असं मला वाटायचं. त्या वयात भीती सतत मानगुटीवर बसली की लक्षात ठेवणं अवघड होतं आणि राग आवरत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त गजर आणखी अर्धा तास अलीकडं लावायचे.

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला महिना राहिला तेव्हा मनाशी पक्कं केलं, पप्पांना सांगून टाकायचं की मला डॉक्टर व्हायचं नाही. रविवारी ते मटण आणायला निघाले, तशी मी गाडीवर मागं बसले. दुकानापुढच्या रांगेत सुरुवात केली. वाचलेलं डोक्यात राहत नाही, झोप लागत नाही. एवढं सांगितलं आणि हुंदकाच फुटला. मुख्य वाक्य घशातच राहिलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पप्पांनी पिशवी काखेत मारली आणि ग्रीसचा वास येणाऱ्या हातानं माझे डोळे पुसले.

"एवढंच व्हय? भिऊ नको, बाळ. यंदा न्हाय झालं तर पुढच्या वर्षी बस. तवाबी न्हाय झालं तर त्याच्या पुढच्या वर्षी. कितीबी वर्षं लागू देत, मी हाय की."

जवळ होतं नव्हतं ते सगळं त्यांनी मला देऊन टाकलं होतं. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी मान डोलावली.

ती परीक्षा मी तीनदा दिली.