राहू दे, मी बघतो

आज संध्याकाळी आमचे वृत्तसंपादक नव्या निखिलवर ओरडत होते. "बस उलटली, हे चौथ्या परिच्छेदात सांगतोस? तोवर वाचक थांबणार आहे का?" निखिल खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. पाऊण तास बोलणी खात त्यानं ती बातमी तीनदा लिहिली.

पलीकडे सायली बसली होती. तीही नवीच, आणि तिच्याही बातमीत मुख्य गोष्ट तळाशीच होती. तिला ते हसून म्हणाले, "राहू दे, मी बघतो. तू नीघ, उशीर होईल."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. वीस वर्षांपूर्वी मलाही हेच सौजन्य मिळालं. सकाळी छापून आलेली बातमी आणि माझी कच्ची प्रत शेजारी ठेवून मी शोधत बसायचे, काय गाळलं, काय वर घेतलं. का, ते मात्र कुणी सांगायचं नाही. मुलीला दुखवायचं नाही म्हणून शिकवायचंच नाही! आणि मोठी बातमी आली की हीच माणसं म्हणणार, "निखिलला पाठवू, तो तयार झालाय."

तणतणतच मी जागेवर आले. मी बघते त्या पुरवणीसाठी सायलीनं दिलेला लेख समोर होता. सुरुवात फसली होती, पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. मी शेवटचा परिच्छेद उचलून वर घेतला आणि पान सोडलं.

"मॅडम, लेख ठीक होता ना?" पर्स खांद्याला लावत सायलीनं विचारलं.

"हो गं. थोडंसंच होतं," मी हसून म्हणाले, "बघितलं मी."