चुन्याच्या पाण्यातले हात

मालेगावजवळच्या बंजारा तांड्यावर कुणाचे डोळे पिवळे दिसले, की लोक दवाखान्याऐवजी रुपाबाईचं दार गाठायचे. आंब्याची साल कुटून तिचा रस ती रोग्याच्या हातांना चोळायची आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावायची. पाणी पिवळंजर्द व्हायचं. “पाह्य, कावीळ उतरून राह्यली,” ती सांगायची. माणसं बरीही व्हायची. बहुतेकांची कावीळ आपसूकच ओसरते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर तिनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. एवढं यश मिळाल्यावर कोण ऐकून घेतं?

आईनं शिकवलेला एक नेम तिनं कधी मोडला नाही. स्वतःचे हात त्या पाण्यात घालायचे नाहीत, दुसऱ्याची कावीळ आपल्याला लागते. रसाचे हात ती लिंबाखाली मातीनं घासून टाकायची.

ऊसतोडीहून परतलेली तिची सून चंदा पोटुशी होती. तिचे डोळे पिवळे दिसले तसा मुलगा किशन म्हणाला, “याडी, मी इले मालेगावले दवाखान्यात नेतो.”

“कायले नेतं? साऱ्या तांड्याची उतरवली, अन् घरच्या सुनेची नाई उतरणार? लोक तोंडात शेण घालतील माह्या.”

आईपुढं किशनचं कधी चाललं नव्हतं. सुनेवर रुपाबाईचा जीव नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. पहाटे उठून ती ताजी साल काढून आणायची. चंदा हात धुऊन भांड्यात वाकून पाहायची. “याडी, आज लय पिवळं आलं न?” म्हणायची आणि हसायची.

मग ती दिवसभर झोपू लागली, काहीबाही बरळू लागली. रोग निघताना माणसाला थकवतोच, असं रुपाबाई म्हणत राहिली. एका सकाळी चंदानं किशनलाच ओळखलं नाही, तेव्हा रुपाबाईच ओरडली, “गाडी बोलाव रे किशन!”

दवाखान्यातली डॉक्टरीण हळूच बोलली. “गरोदरपणातली कावीळ जिवावर बेतते, आजी. डोळे पिवळे दिसले तेव्हाच आणायला हवं होतं.” बाळ पोटातच गेलं. पाठोपाठ चंदाही गेली. किशननं आईशी बोलणं टाकलं.

तेरवी आटोपली आणि शेजारच्या तांड्यावरची गोमतीबाई पिवळ्या डोळ्यांच्या नवऱ्याला घेऊन आली. नाही म्हणायचीही ताकद रुपाबाईत उरली नव्हती. सवयीनं तिनं साल कुटली, रस त्याच्या हातांना चोळला, चुन्याचं पाणी पुढं ठेवलं. आणि त्यानं हात घालायच्या आधी तिनं स्वतःचेच घातले. लागली कावीळ तर लागू दे, जगून तरी काय करायचंय, असं तिला वाटलं.

पाणी पिवळंजर्द झालं. चंदाच्या वेळी व्हायचं तसंच, अगदी तेवढंच. साल आणि चुना, दुसरं त्यात काही नव्हतंच.

“अवं माय!” गोमतीबाई घाबरली. “तुमालेबी कावीळ झाली काय, बाई?”

रुपाबाई आपल्या हातांकडे पाहत राहिली.

“यायले दवाखान्यात ने,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता ने. मले काईच नाई झालं वं. मले काईच नाई झालं.”