पिवळा टाका

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला चिकटून एक खोली आहे. तिला शिवणखोली म्हणतात, पण नवं असं तिथे क्वचितच काही शिवलं जातं. तिथे येतं ते फाटकं: चादरी, उशांचे अभ्रे, खिसे उसवलेले डॉक्टरांचे कोट, बाळांची दुपटी. एक मशीन, एक लांबलचक टेबल, दोन खुर्च्या. त्यांतल्या एका खुर्चीवर गेली बावीस वर्षं मावशी बसत आली. सगळ्यांचीच मावशी. मेट्रनबाई वयानं तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण त्याही मावशीच म्हणायच्या.

तिच्या रफूबद्दल किती सांगावं! चादर कुठे फाटली होती हे ती परत आल्यावर धुलाईवालीलासुद्धा सापडायचं नाही. पण हातात जेवढी सफाई, तेवढीच जिभेला धार. मशीन अडलं की मशीनचा उद्धार, धुलाईवालीनं चादरी ओल्याच आणून टाकल्या की तिचा उद्धार, आणि नर्सबाईंनी कात्री चादरीत गुंडाळून पाठवली की त्यांच्या सात पिढ्यांचा. तक्रार करण्यात मावशीचा हात कुणी धरला नसता. मी हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणाला वाटायचं, ही बाई म्हणजे नुसती साखर. तसली ती अजिबात नव्हती.

तिचा नवरा रंगारी होता. साडेनऊ वर्षांपूर्वी एका इमारतीचं काम चालू असताना तो परांचीवरून पडला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर, खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर तो पाच महिने होता. रोज साडेपाचला काम संपलं की मावशी जिना चढून वर जायची. पहिल्याच आठवड्यात एकदा त्यानं विचारलं, "आज काय चांगलं झालं?"

मावशी भडकली. "चांगलं काय होणार डोंबल! तुम्ही इथे असे पडलाय."

"ते मला माहितेय गं. मला माहीत नाही ते सांग. दिवसभर मला हे छत दिसतं, आणि तेही कुणा गाढवानं रंगवलंय. खाली काय झालं ते सांग."

ती फणकाऱ्यानं म्हणाली, "जिन्यावर ऊन पडलं होतं. झालं समाधान?"

तो हसला. झालं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिनं पुन्हा जिन्यावरचं ऊन सांगितलं, तर म्हणतो कसा, "हे झालंय. दुसरं सांग."

आणि तिथून मावशीच्या मागे लचांडच लागलं. रोज एक, आणि तेही नवं! सकाळी डोळा उघडल्यापासून ती शोधायला लागली. नळाला पहिल्या झटक्यात गरम पाणी आलं, हे एक. बसमध्ये कुणीतरी खिडकीकडची जागा दिली, हे एक. शिवताना बोटात घालायचं हरवलेलं अंगुस्तान पायाखालीच सापडलं, हे एक. सुरुवातीला ती हे सगळं त्याच्यासाठी गोळा करायची, आजाऱ्यासाठी फळं न्यावीत तशी. कधीतरी मधेच ते तिचं स्वतःचं झालं. नवरा मरणाला टेकलेला असताना आपल्याला दिवस चांगला गेल्यासारखा वाटतो, याची तिला लाजही वाटायची. पण वाटायचा, हे खरं होतं.

तो गेला. तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आली, कारण घरात बसवेना. साडेपाच वाजले. हात रिकामे झाले, आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर तयार आहे. सकाळी धुलाईवालीनं, त्या भांडकुदळ बाईनं, काही न बोलता तिच्या टेबलावर चहाचा कप आणून ठेवला होता आणि वर बशी झाकली होती. सांगायला एवढं घसघशीत होतं आणि विचारणारा नव्हता.

खणात पिवळ्या दोऱ्याचं एक रीळ कित्येक वर्षं पडून होतं. पांढऱ्या चादरींच्या राज्यात पिवळ्याला कोण विचारतो? मावशीनं सुईत तो दोरा ओवला आणि हातातल्या चादरीच्या पायथ्याच्या कोपऱ्यात, गादीखाली जो भाग दुमडला जातो तिथे, तांदळाएवढा एक कप काढला. कप कसला, तीन टाके. पण तिला कळत होतं. मग चादर घडी करून गठ्ठ्यावर ठेवली आणि ती घरी गेली.

तेव्हापासून नऊ वर्षं रोज एक खूण. थेंब, काडी, चमचा, पान, चप्पल. एकदा काढलेली पुन्हा नाही. त्या चादरी वर जायच्या, माणसं त्यांवर झोपायची, बरी होऊन घरी जायची किंवा जायची नाहीत. पायाशी काय शिवलंय हे कुणाला कधी कळलं नाही, आणि मावशीनं कुणाला सांगितलंही नाही.

अशात भांडारप्रमुख बदलले. नवे आले ते दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून. नाकासमोर चालणारे, शर्टाला कधी सुरकुती नाही, टेबलावर पेनंसुद्धा रांगेत. आठवड्याच्या आत त्यांचं नाव फूटपट्टी पडलं. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेरचं जग असतं हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी आल्या आल्या सगळी कपाटं उपसली, चादरी मोजायला घेतल्या, आणि त्यांना दिसले पिवळे टाके.

आता त्यांच्या जुन्या रुग्णालयात पिवळ्या टाक्याचा एकच अर्थ होता: हे कापड बाद. झालं! विचारायचं तरी एकदा, शिवणखोली वीस पावलांवर. पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. खुणा वेगवेगळ्या आहेत म्हणजे बाद होण्याची कारणं वेगवेगळी असणार, असा तर्क करून त्यांनी नोंदवहीत चक्क तक्ता केला. थेंब म्हणजे डाग. काडी म्हणजे चीर. गोल म्हणजे भोक. आणि एकशे अठ्ठावीस धडधाकट चादरी टराटरा फाडून फरशी पुसायला पाठवून दिल्या.

मावशीला कळलं ते असं. सकाळी ती व्हरांड्यातून येत होती, आणि सफाईवाली बादलीत फडकं पिळत होती. फडक्याच्या टोकाला पिवळं काहीतरी. मावशी थांबली. चप्पल होती ती. मुलगी रुसून दोन वर्षं घरी आली नव्हती, आणि एका संध्याकाळी दाराबाहेर तिच्या चपला दिसल्या होत्या, त्या दिवसाची. मावशी तिथेच भिंतीला टेकली.

त्याच आठवड्यात तापाची साथ आली, सगळ्या खाटा भरल्या, आणि वरून नर्सबाई ओरडत खाली आल्या की चादरी नाहीत, माणसं नुसत्या रेक्झिनवर झोपलीत. मेट्रनबाईंनी मावशी आणि फूटपट्टी, दोघांनाही बोलावलं. टेबलावर फडक्यांचा ढीग.

"वरचे साहेब कधीपासून टपून बसलेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "शिवणखोली बंद करा, काम बाहेर द्या, हेच चाललंय त्यांचं. आता आयतं कारण मिळालं. उद्या मला लेखी उत्तर द्यायचंय. हे काय आहे?"

फूटपट्टींनी तक्ता वाचून दाखवला. थेंब, काडी, गोल.

"आणि हे?" मेट्रनबाईंनी एक फडकं उचललं.

"तो… चमचा असावा. त्याचं कारण मी 'इतर' असं लिहिलंय."

एरवी मावशी हसून लोळली असती. आज ती उभी राहिली आणि एकेक फडकं हातात घेऊन सांगत गेली. "हा चमचा. आमचे हे गेल्यावर चार महिन्यांनी मला पहिल्यांदा जेवण गोड लागलं, त्या दिवसाचा. हा थेंब म्हणजे मी घरी पोचल्यावरच पाऊस सुरू झाला. ही काडी… ही काडी म्हणजे जिन्याचा नवा कठडा. माझा गुडघा दुखायचा बाई तेव्हा." मग तिनं नवऱ्याबद्दल सांगितलं. तो रोज संध्याकाळी 'आज काय चांगलं झालं' असं विचारायचा, आणि तो गेल्यावर ती चादरीवर उत्तर द्यायला लागली, एवढंच. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायचं नाही, हेही सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "यात साहेबांची चूक नाही. रुग्णालयाच्या कापडावर मी माझं घरचं लिहीत बसले. चूक माझी."

फूटपट्टी आपली बाजू मांडण्यासाठी चार मुद्दे काढून आले होते. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

मेट्रनबाईंनी निकाल दिला तो सरळ होता. यापुढे कापडावर एकही खूण नाही. उरलेल्या चादरींवरचे सगळे टाके मावशीनं उसवायचे, भांडारप्रमुखांनी समोर बसून नोंद करायची, आणि फरशीला न लागलेल्या तुकड्यांची दोघांनी मिळून दुपटी आणि अभ्रे करायचे. खोलीचं काय ते वरचे साहेब ठरवतील.

पंधरा दिवस दुसऱ्या खुर्चीवर फूटपट्टी बसले. पहिले दोन दिवस नुसतं "एक… दोन… तीन." तिसऱ्या दिवशी त्यांनी घसा साफ करून विचारलं, "हे काय आहे?"

"पान. खिडकीतलं रोप मेलंय म्हणून फेकणार होते, तर कोंब फुटला."

त्यांनी तक्त्यातला 'कीड' हा शब्द खोडला आणि हे लिहिलं. मग प्रत्येक खुणेला विचारू लागले. मावशी उसवायची, सांगायची, ते लिहायचे. आठवलं नाही तर ती तसं सांगायची, आणि ते 'आठवत नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहायचे. मावशीला वाटलं होतं की टाका उसवताना जीव तुटेल. तुटलाही. पण नऊ वर्षांत हे सगळं एका बैठकीत तिनं स्वतःही कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकताना तिला वाटलं, बाई गं, केवढं मिळालंय आपल्याला!

वरच्या साहेबांना उत्तर गेलं, ते फूटपट्टींनी स्वतः लिहून दिलेलं. खुणांचा अर्थ न विचारता कापड फाडलं, चूक सर्वस्वी माझी, शिवणखोली नसती तर हे कापड वाया गेलं असतं, अशी तीन वाक्यं. खोली राहिली. त्यांच्या नावावर मात्र लाल शेरा बसला, आयुष्यातला पहिला. मावशीला हे मेट्रनबाईंकडून कळलं. फूटपट्टींनी स्वतः चकार शब्द काढला नव्हता.

पिवळं रीळ नियमाप्रमाणे भांडारात जमा झालं.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजले. मावशीनं मशीनवर खोळ घातली, टेबल पुसलं, पुन्हा एकदा पुसलं. उत्तर अकरा वाजल्यापासून तयार होतं, आणि ठेवायला जागा नव्हती. नवरा गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी वाटलं होतं तसंच तिला वाटलं, आणि या वेळी खणात रीळही नव्हतं. ती पिशवी उचलून निघाली, तर दारात फूटपट्टी. काखेत नोंदवही, मान ताठ.

"मावशी," अभ्रे किती शिल्लक आहेत हे विचारावं त्या सुरात ते म्हणाले, "आज काय चांगलं झालं?"

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षांत हा प्रश्न तिनं दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. मग म्हणाली, "सुईत… सुईत दोरा पहिल्याच झटक्यात गेला. चष्म्याशिवाय."

फूटपट्टींनी वही उघडली. बोट वरून खाली फिरलं, पान उलटलं, पुन्हा फिरलं आणि एका ओळीवर थांबलं.

"हे झालंय," ते म्हणाले. "दुसरं सांगा."

नवऱ्याचे हे शब्द तिनं कधी कुणाला सांगितले नव्हते. मेट्रनबाईंना नाही, मुलीला नाही. मावशीनं पिशवी खाली ठेवली, हाताला आली त्या चादरीनं डोळे पुसले, आणि दुसरी खुर्ची पुढे ओढली.

"बसा जरा," ती म्हणाली. "आठवून सांगते."