झुंबर, पिकअप आणि थांबल्यावर बसणारा धक्का

सावंतांनी खोका उघडला आणि आतला काचेचा लोलक उचलून माझ्या हातात दिला. दोन तुकडे.

"हा तिसरा, मॅडम. मढच्या बंगल्यात शूटिंग होतं. झुंबर घरातून निघालं तेव्हा धड होतं."

राजन सावंत घाटकोपरला राहतात. सिनेमा-सीरियलवाल्यांना जुनी झुंबरं, आरसे, चिनी मातीच्या फुलदाण्या भाड्याने देतात. माल त्यांच्या पिकअपमधून जातो आणि पिकअप ते स्वतः चालवतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय कॅलिपरमध्ये, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्यांत असतो, त्यामुळे क्लच दाबणं शक्य नाही. ही ऑटोमॅटिक पिकअप घेईपर्यंत ते पन्नास वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसूनच फिरले.

मी साकीनाक्याच्या एका गॅरेजमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम बघते. सावंत आले तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या वर्कशॉपचा कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'शिफ्टिंग हार्ड (गिअर पडताना धक्का), गिअरबॉक्स बदलावा लागेल.' नवा गिअरबॉक्स यायला दोन महिने लागणार होते. तोवर गाडी उभी. आणि ज्या आर्ट डायरेक्टरचं काम होतं त्याने स्पष्ट सांगितलं होतं, शुक्रवारी झुंबर फुटलं तर तो दुसरा माणूस बघणार.

तो सोमवार होता.

गिअरबॉक्सबद्दल थोडं सांगते. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसलं तरी आत क्लच असतात, एक नाही, अनेक. ते तेलाच्या दाबाने लागतात आणि सुटतात. कुठला कधी लावायचा हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि तेल त्या त्या वाटेने सोडायचं काम वॉल्व्ह बॉडी नावाचा भाग करतो. त्यात कचरा अडकला की क्लच एकदम लागतो आणि गाडी हिसका देते.

मी स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही. तेल काढून बघितलं, लालसर, स्वच्छ, जळका वास नाही. एक चक्कर मारली. सिग्नलला थांबताना खाडकन धक्का बसला. निघताना पुन्हा एक, जरा हलका.

मी आमच्या भालेराव सरांना सांगून टाकलं, "वॉल्व्ह बॉडी वाटते."

"मग उतरव गिअरबॉक्स खाली. रॅम्प आत्ता रिकामाच आहे."

गिअरबॉक्स एकदा उतरवला की गाडी शुक्रवारी बाहेर पडणार नव्हती. हे सावंतांना सांगायला मी बाहेर गेले. ते बाकावर बसून कॅलिपरचा पट्टा आवळत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुम्ही सगळे म्हणता गिअर पडताना धक्का बसतो. मला तर गाडी थांबल्यावर बसतो."

"थांबताना ना?"

"नाही हो. थांबल्यावर. गाडी उभी राहते, मी श्वास सोडतो, आणि मग मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं होतं. त्या वर्कशॉपमध्येही सांगितलं होतं. ते म्हणाले, तेच ते."

मीही मनात 'तेच ते' म्हणूनच पुढे गेले असते. पण ते ज्या खात्रीने बोलले, त्यामुळे मी थांबले. हा माणूस रोज त्या सीटवर बसतो, गाडी अंगाने ओळखतो. मी एक चक्कर मारली होती.

आम्ही पुन्हा निघालो. ते चालवत होते, मी लॅपटॉपवर गिअरचा आलेख बघत होते. त्यांना सांगितलं, धक्का बसला की 'आत्ता' म्हणा.

पहिला सिग्नल. स्क्रीनवर गाडी पहिल्या गिअरमध्ये आली, अगदी अलगद. स्पीड शून्य झाला. मग सावंत म्हणाले, "आत्ता!"

पुढच्या सिग्नलला मी म्हटलं, "थांबायच्या आधी न्यूट्रल करा." न्यूट्रलमध्ये आतले क्लच सुटलेले असतात, गिअरबॉक्स धक्का देऊच शकत नाही. गाडी थांबली. मी मनात 'एक' मोजलं.

खाडकन.

"आत्ता!" सावंत ओरडले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही हसताय काय?"

परत आल्यावर मी सरांना सांगितलं, "माझी चूक झाली. गिअरबॉक्स नाहीये तो."

"अगं, सकाळी तूच म्हणालीस. वर त्या वर्कशॉपने लिहून दिलंय."

"अर्धा दिवस द्या, सर. नाही सापडलं तर मीच उतरवते."

त्यांनी घड्याळ बघितलं. "चार वाजेपर्यंत. मग दुसरी गाडी घ्यायची आहे."

पिकअप रॅम्पवर चढवली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा जातो, प्रोपेलर शाफ्ट. तो दोन भागांचा असतो आणि एक भाग दुसऱ्यात थोडा आत-बाहेर सरकतो, कारण ब्रेक मारला किंवा खड्डा आला की मागची चाकं जागेवरून जराशी हलतात. हा सरकता सांधा कोरडा पडला तर ब्रेक मारताना अडकून बसतो आणि गाडी उभी राहिली की सुटतो. लाथ बसते ती तेव्हा.

सांध्याला ग्रीस भरायचं निपल असायला हवं होतं. मला दिसेना. खालून सगळी गाडी काळीकुळकुळीत होती.

"हे काय लावलंय, सावंत?"

"अँटीरस्ट, गंज धरू नये म्हणून. मढला वाळूत जावं लागतं, खारं पाणी. दोन हात मारून घेतले. आणि प्रत्येक वेळी आल्यावर खालून प्रेशरने धुतो." हे त्यांनी जरा अभिमानाने सांगितलं.

स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. काळ्या थराखाली निपल होतं, पूर्ण बुजलेलं. कोटिंग झाल्यापासून तिथे ग्रीस गेलंच नव्हतं, आणि जे होतं ते पाण्याच्या माऱ्याने गेलं होतं. शाफ्ट उतरवला. सांध्यातल्या दात्यांवर तपकिरी गंज, पण वरवरचा. दाते झिजलेले नव्हते. मी ते दोनदा बोट फिरवून बघितलं, कारण झिजले असते तर नवा शाफ्ट आणि पुन्हा वाट बघणं. ब्रशने गंज काढला, धुतलं, पुसलं, ग्रीस भरलं, शाफ्ट परत चढवला. साडेतीन वाजले होते.

या वेळी सरही आले, मागच्या सीटवर. मेट्रोच्या पुलाखालून घाटकोपरच्या दिशेने निघालो. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. काही नाही. सिग्नल हिरवा होऊनही सावंत निघेनात, मागून हॉर्न सुरू झाले.

"निघा आता," सर म्हणाले, "सापडलंय ते."

दुसऱ्या सिग्नलला सावंतांनी मुद्दाम जोरात ब्रेक मारला. गाडी नुसती उभी राहिली.

"झाला गो बाय!" इतका वेळ शुद्ध बोलणारे सावंत एकदम मालवणीत शिरले. "माझी गाडी बरी झाली!"

शुक्रवारी दुपारी त्यांनी झुंबराचा फोटो पाठवला, छताला टांगलेलं, दिवे लागलेले. ते काम त्यांच्याकडेच राहिलं. आता दर महिन्याला ग्रीसला येतात, निपलभोवती खडूने गोल काढून, म्हणजे कोणी विसरायला नको.

मी मात्र एक बदल करून घेतला. आमच्या जॉब कार्डवर आता पहिलाच प्रश्न छापलाय, 'धक्का नक्की कधी बसतो?' बहुतेक लोक तिथे अजूनही 'नेहमी' असंच लिहितात. मग मी त्यांच्याबरोबर चक्कर मारून येते.