जावेच्या बाटलीतलं तेल

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीही तेलाची. जावेच्या बाटलीतलं तेल माझ्या बाटलीत ओतलं आणि माझं तिच्या. चमेलीचं नाही, केसांना लावायचं नाही. लहान मुलाच्या जांघेत चोळायचं, लसणाचा भपकारा मारणारं तेल. मी तेव्हा मॅट्रिक पास होते, चाळीतल्या बायकांना तारा वाचून दाखवायचे आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी पोटभर हसेन आणि मग कान धरून डॉक्टरकडे पाठवीन.

ज्याच्यासाठी ते तेल होतं तो माझा मुलगा आता टकलाला आलाय. मराठी वाचायचा त्याला कंटाळा, म्हणून बिनधास्त लिहिते.

मुलुंडला पूर्वेकडे दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई, आम्ही नवराबायको, आणि दोन मुलगे, एक तिचा, एक माझा. तिचा चार महिन्यांनी मोठा. आता या चार महिन्यांत माझा काय दोष? पण मला तेही लागायचं. बारसं तिच्याकडे आधी, दात तिच्या पोराला आधी, चालला तो आधी. माझा चालायला लागला तेव्हा सासूबाई नुसतं "चल्लो काय? बरा झाला" म्हणाल्या आणि पुन्हा कोळंबी सोलायला लागल्या. जावेच्या हातचं बांगड्यांचं तिखलं सगळ्यांना आवडायचं. तिच्या माहेरून फणस यायचे, माझ्या माहेरून पत्र यायचं. ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही, हा तिच्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग.

एरवी पोरांना आम्ही दोघी आपापली आंघोळ घालायचो. पोरं चौथ्या वर्षात असताना एकदा ऐन थंडीत घरातलं रॉकेल संपलं. पाणी धड कोमटही झालेलं नव्हतं, तेवढ्यातच सासूबाईंनी दोन्ही नातवांना एकदम मोरीत घेतलं. मोरीतून सासूबाईंची हाक आली, "गो, हयसर येवा दोघीजणी! ह्या झिलांच्या गोट्या खंय गेल्यो?"

आम्ही धावलो. दोन्ही पोरं कुडकुडत उभी, आणि दोघांच्याही पिशव्या रिकाम्या. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हाच, की चला, तिच्याही पोराचं तसंच आहे.

कारण माझ्या पोराचं मला माहीत होतं. तो जन्मला तेव्हाच नर्स म्हणाली होती, "बाळाची अंडी अजून खाली उतरलेली नाहीत. वर्षभरात उतरतील, नाहीतर दाखवून घ्या." वर्ष झालं, दोन झाली. मी दाखवलं नाही की कुणाला सांगितलं नाही. आंघोळ घालायची ती मीच आणि लंगोट बांधायचाही मीच. सांगितलं असतं तर जावेला कळलं असतं ना!

आता सगळ्यांनाच कळलं होतं. यांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या पोराला स्टेशनरोडच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चाचपून पाहिलं आणि सांगितलं, "दोन्ही वर अडकलीत. ऑपरेशन करून खाली आणावी लागतील. शाळेत घालायच्या आधी करा. आत उष्णतेत राहून ती खराब होतात, मग पुढे मूलबाळ होणं कठीण."

मोठे दीर मात्र म्हणाले, "माझ्या पोराला सुरी लावू देणार नाही." जाऊबाईंच्या माहेरच्या ओळखीचे एक वैद्यबुवा घाटकोपरला बसत. ठरलं, तिचा जाणार वैद्याकडे. मग माझा मागे कसा राहील?

वैद्यबुवांनी जावेच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, गावच्या आंब्याला मोहोर कसा आहे विचारलं, आणि तिच्या पोराच्या गालाला हात लावला. मला विचारलं, "वय?" मग दोघींना एकेक बाटली दिली. जांघेत वरून खाली चोळायचं, मग पोराला गरम पाण्याच्या घमेल्यात बसवायचं. औषध एकच, म्हणाले. पण तिच्या बाटलीतलं तेल दाट, तपकिरी, आणि माझं पिवळट, पातळ. परतीच्या वाटेवर मी माझी बाटली सारखी उजेडाला धरून बघत होते. डोक्यात एकच, हिला अस्सल दिलं आणि मला धुवण.

घरात भांडायला जागा नव्हती, म्हणून आम्ही नवराबायको भाजी आणायला जायचो. चाळीला वाटायचं, काय जोडी आहे!

"तू उगाच त्या तेलाच्या नादी लागलीस," हे म्हणाले.

"आणि तुम्हाला काय, कापायचं म्हटलं की झालं? क्लोरोफॉर्म देतात. माझ्या आत्याचा मुलगा उठलाच नाही त्यातून, माहीत आहे ना?"

"तो दुसऱ्याच आजारात गेला गं. त्याला किती वर्षं झाली. आता तसं राहिलंय का?"

"तुम्ही जाऊन बघितलंय?"

"उद्या तो मोठा झाल्यावर विचारेल, बाबा, तुम्हाला माहीत होतं तर का नाही केलं. काय सांगू? आईला वहिनीसारखं तेल हवं होतं?"

मी वांगी परत टोपलीत टाकली आणि चालू लागले. क्लोरोफॉर्मची भीती खरी होती. पण तिच्यामागे दुसरं काय दडलंय ते यांनी भर बाजारात बोलून दाखवलं, याचा राग जास्त आला.

चोरी मी दुपारी केली. सासूबाई झोपलेल्या, जाऊबाई रॉकेलच्या रांगेत. तिची बाटली फळीवर गणपतीच्या तसबिरीमागे असायची. मी तिचं तेल वाटीत काढलं, माझं तिच्या बाटलीत ओतलं, वाटीतलं माझ्या बाटलीत. घाईत थोडं सांडलं, ते फडक्याने पुसलं. जाऊबाई अंधाऱ्या मोरीतच तेल चोळायच्या, रंग काय कळणार होता! सासूबाई कूस बदलून म्हणाल्या, "लसूण कित्याक सोलतंस दुपारी?" मी म्हटलं, "चटणीला." मग खरंच चटणी करावी लागली.

पुढचे काही दिवस मी तपकिरी तेल पोराला असं चोळलं की ते बिचारं हात दिसला की पळायचं. आणि एका संध्याकाळी मोरीतून जाऊबाईंचा आवाज आला, "आई! अहो आई, इकडे या! आली!"

तिचा पोरगा वाफाळत्या घमेल्यात बसलेला, आणि दोन्ही गोट्या जागेवर. सासूबाईंनी देवाला नारळ फोडला. दिरांनी पेढे आणले. शेजारणींनी विचारलं, कसले पेढे हो? जाऊबाई लाजून लाल. शेवटी दीर म्हणाले, "मला बढती मिळाली." शेजारणींनी मग दिवाळीपर्यंत पार्टी मागितली.

आता कुणीही शहाणी बाई काय म्हणाली असती? तेलांची अदलाबदल झाली, तरी तिच्याच पोराची उतरली, म्हणजे तेलाचा काही संबंध नाही. पण मी मॅट्रिक पास. मी म्हटलं, अरे देवा, माझंच पिवळं तेल अस्सल होतं! आणि मी आपल्या हातांनी ते तिला दिलं!

मी पेढा गिळला तो कसा गिळला ते माझं मला ठाऊक. त्यात जाऊबाई स्वतःहून माझ्याकडे आल्या, बाटली पुढे केली. "माझं काम झालं गं. हे उरलंय, तू लाव त्याला." किती मायेने म्हणाल्या असतील. मला ऐकू आलं, बघ, माझं झालं. बाटली मी घेतली मात्र. असलं तेल कोण सोडतं?

ती संपल्यावर घाटकोपरहून दुसरी आणली, मग तिसरी. वैद्यबुवा म्हणायचे, "धीर धरा, प्रकृती थंड आहे मुलाची." पाऊस सुरू झाला आणि संपला. पोराच्या जांघेत पुरळ उठलं, चालताना पाय फाकवायला लागला. पिशवी रिकामीच. हे आता माझ्याबरोबर भाजीला यायचे बंद झाले. एकटेच जायचे, एकटेच परत यायचे, पिशवी ओट्यावर ठेवायचे. भांडत होते तेव्हा बरं होतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी पोराला घमेल्यात बसवलं तर ते पुरळावर पाणी लागून किंचाळलं. जाऊबाई आत आल्या. त्यांनी त्याला पाण्यातून उचललं, पंच्यात गुंडाळलं, आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "पुरे झालं! माझ्या पोराचं जमलं म्हणून तुझ्याचं जमेलच असं आहे का? तुला भीती वाटत असेल तर तू घरी बस. मी नेते त्याला ऑपरेशनला. मी थांबते त्याच्याजवळ."

ती नेणार? माझ्या पोराला? आणि मग जन्मभर सगळ्यांनी म्हणायचं, मोठीने केलं, मोठी होती म्हणून झालं?

"मी नेते," मी म्हटलं.

माझ्या समंजसपणाचं यांनी पुढे कित्येक वर्षं कौतुक केलं. मी करू दिलं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात आम्ही गेलो ते वरातच घेऊन. हे, मी, जाऊबाई, आणि दोन्ही पोरं, कारण एकाला सोडून दुसरा हलेना. सर्जन उंचेपुरे होते, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यांनी हात एकमेकांवर घासून गरम केले, पोराला टेबलावर मांडी घालून बसवलं आणि हळूहळू तपासलं. तेवढ्यात दुसरा ओरडला, "मला पण तपासा!" सर्जन हसले. जाऊबाईंनी भीतभीत सांगितलं की ह्याचंही तसंच होतं, तेलाने बरं झालं.

त्यांनी त्यालाही मांडी घालून बसवलं, तपासलं, आणि म्हणाले, "बाई, हा आजारी कधी नव्हताच. काही मुलांची थंडीला, भीतीला वर पळतात, गरम पाण्यात बसवलं की आपसूक खाली येतात. ह्याला तेल नको होतं, डॉक्टर नको होता, काहीच नको होतं."

काय सांगू! मला इतका आनंद झाला. म्हणजे तिच्या पोराला गुण आलाच नव्हता! नारळ फुकट, पेढे फुकट, बढती फुकट! मी जावेचं तोंड बघायला वळले. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या पोराकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सर्जन पुढे बोलतच होते, "ह्याची मात्र खरीच वाटेत अडकलीत. ही तेलाने काय, कशानेही उतरली नसती. जानेवारीत कळलं म्हणता, मग इतके महिने कुठे होता?"

मी पोराची चड्डी चढवायला वाकले. हे एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "आमचं दोघांचं ठरत नव्हतं, डॉक्टर."

ऑपरेशनच्या दिवशी पोराला ढकलगाडीवरून आत नेलं आणि दार लागलं. मी बाकावर बसले. आत्याचा मुलगा डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यातले सगळे देव मी आळवले, आणि प्रत्येकाला सांगितलं, मला तिच्यासारखं काही नको, फणस नको, तिखलं नको, फक्त हा उठू दे. जाऊबाई शेजारी बसून होत्या. 

दार उघडलं. सर्जन मास्क खाली करत म्हणाले, "दोन्ही आली खाली. टाक्याने बसवलीत. उशीर केलात, पण वाया गेलेली नाहीत. पुढे दरवर्षी दाखवत राहा." हे भिंतीकडे तोंड करून खिशात रुमाल शोधायला लागले.

आता वाटेल की मी सुधारले. दुसऱ्या दिवशी जाऊबाई पेजेचा डबा घेऊन वॉर्डात आल्या, तर मी कॉटच्या कडेला बसून त्यांना ऐकवत होते, किती मोठे सर्जन, किती शिकाऊ डॉक्टर बघायला आले होते, केवढी ती पट्टी, आणि एवढं अवघड ऑपरेशन हजारात एखाद्याचं असतं म्हणे. हे शेवटचं मी पदरचं घातलं. पोरगा उशीवर पडून होता, माझ्या हातातल्या चमच्याकडे बघून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि विचारलं, "मोठीआई आली?"

जाऊबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डब्याचं झाकण उघडलं, चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "हो गं बाई, तुझा डॉक्टर मोठा, तुझं ऑपरेशन मोठं, पट्टीसुद्धा तुझ्याच पोराची मोठी. आता सरक जरा तिकडे, पेज निवतेय, आणि तो काही तुझ्या हातून खायचा नाही."